अंगठ्याखालचा आकडा

ह्यूस्टन

ती. दादास,
सा. न.

पुण्यातला वारज्याचा जो प्लॉट आपण घेतोय, त्याच्या मिळकतकराच्या बिलाचा फोटो मिळाला. तीनदा मोठा करून पाहिला. मिळकत क्रमांक दिसतोय, मालकांचं नाव दिसतंय, आणि नेमका थकबाकीच्या रकान्यावर तुझा अंगठा! मालक तोंडाने 'किरकोळ' म्हणतात, पण तो आकडा वाचल्याशिवाय इसार देऊ नकोस.

"खरेदीखत होऊ दे, मग भरतो" म्हणे. मग कोण भरतंय रे? विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्यानेच भरायचा हे कायद्यात आहे, पण त्या कराचा बोजा मिळकतीवर असतो. महापालिकेची नोटीस जुन्या मालकाला शोधत फिरत नाही, सरळ प्लॉटवर येते. त्यात दरमहा 2 टक्के शास्ती. साध्या हिशेबानेही 50 महिन्यांत ती मुदलाएवढी होते. आणि बाकी असली की बिलावर आपलं नाव लागायलाही खेटे.

इकडे टेक्सासात हे टायटल कंपनी बघते, म्हणजे मालकी तपासून खरेदीचा व्यवहार पार पाडणारी कंपनी. व्यवहाराच्या दिवशी थकलेला कर विकणाऱ्याच्या पैशांतून कापते, उरलेले त्याच्या हातात. जो भरतच नाही त्याची जमीन महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलावात निघते. आमच्या ऑफिसातल्या एकाने असाच प्लॉट स्वस्तात घेतला, सगळ्यांना डोनट वाटले. पाचव्या महिन्यात मूळ मालकाने 25 टक्के जादा मोजून तो सोडवून नेला. एरवी त्याला 180 दिवसांची मुभा असते, राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर 2 वर्षांची. डोनट गेले ते गेले.

आपल्याकडे टायटल कंपनी तूच. थकबाकीचा चेक थेट महापालिकेच्या नावे काढ, तेवढे किमतीतून वजा कर आणि खरेदीखतात तसं लिहून घे. मूळ पावती आपल्या फायलीत राहू दे. वकिलांच्या सर्च रिपोर्टवर विसंबू नकोस. तो दस्तांचा शोध, त्यात कराची बाकी येईलच असं नाही. तलाठ्याकडे बिनशेती साऱ्याचंही विचार. एनए ऑर्डर, म्हणजे जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, तर मला आधी हवीच, परदेशी राहून शेतजमीन माझ्या नावावर घेता येत नाही.

मालक चिडले तर चिडू देत. अर्धे पैसे माझे आहेत, सगळं खापर माझ्यावर फोड.

आईला नमस्कार. फोटो पुन्हा पाठव, अंगठा बाजूला घेऊन.

तुझा,
धाकटा