गवतात आडवे होण्याआधी

अंबाजोगाई
पोळ्यानंतरचा बुधवार

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रविवारी गेलीस आणि सोमवारी सकाळी केर काढताना तुझ्या आईला दाराआड तुझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिसले. ते एसटीच्या पार्सलने पाठवले आहेत, कन्नडच्या बसस्थानकावरून सोडवून घे. बुटांविषयी याहून अधिक काही लिहायचे नाही असे ठरवूनच हे पत्र लिहायला बसलो आहे.

प्रदर्शनासाठी छापून आणलेला केन्याचा मोठा फोटो तू बैठकीत ठेवून गेलीस, तो रोज दुपारी उजेड चांगला असताना मी भिंग घेऊन पाहतो. वरच्या दोन निळ्या पाकळ्या, त्यांच्याखाली दबून राहिलेली लहानशी फिकट तिसरी पाकळी आणि मध्ये ते पिवळे, परागकण नसलेले, केवळ किड्यांना भुलवण्यासाठी असलेले वांझ पुंकेसर हे सारे मी शाळेत फळ्यावर काढून शिकवत आलो. पण त्या निळ्या पाकळीच्या पोटात इतक्या बारीक शिरा असतात आणि तिच्यावर पडलेले दव असे थेंबाथेंबाने वेगळे उभे राहते, हे मला तुझ्या फोटोत दिसले. मी आयुष्यभर फूल शिकवले ते चिरून शिकवले: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. तू ते अखंड ठेवलेस आणि तरी त्याचा प्रत्येक भाग मला दाखवलास, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुझ्यासमोर बोलता आले नसते, म्हणून लिहितो.

जिजीने तो फोटो पाहिला. तिने जन्मभर हा केना उपटून बांधावर टाकला, कारण ओल्या मातीत तुटका तुकडा जरी राहिला तरी तो पुन्हा रुजतो. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मुक्ते, हा तर आपल्या तुरीतला केना हाय की." तू तेव्हा गच्चीवर होतीस. मराठवाडा म्हटले की भेगाळलेली जमीन, टँकर आणि घागरींची रांग यांचे फोटो छापून येतात. ते खरेच आहेत, आपण ते सोसलेले आहे. परंतु याच जमिनीत श्रावण-भाद्रपदात केना, कुर्डू, तेरडा, तरवड फुलतात आणि त्यांच्याकडे तण म्हणून न पाहता फूल म्हणून पाहणारा डोळा आपल्या घरात निघाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मात्र केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटून जातो. म्हणजे तुला दिवस उगवण्यापूर्वी ओल्या गवतात पोहोचावे लागते, आणि घोणस नेमकी रात्रीची शिकार उरकून त्याच वेळी पाचोळ्यात अंग चोरून पडलेली असते. बघ, लिहायचे नाही म्हणत होतो तेच आले.

मागच्या दिवाळीत तू बांधावर कुर्डूचे तुरे टिपत होतीस, ते मी विहिरीजवळून पाहत होतो. तू पालथी पडली होतीस, वारा थांबण्याची वाट पाहत श्वास धरून होतीस आणि मी दिलेल्या हाका तुला ऐकू आल्या नाहीत. नंतर तू समजावून सांगितलेस की इतक्या जवळून टिपताना जेमतेम मिलिमीटरभर पट्टा स्पष्ट येतो, म्हणून फोकस कणाकणाने सरकवत एकाच तुऱ्याचे अनेक फोटो घ्यायचे आणि पुढे ते एकात एक जोडायचे. त्या वेळी तुझे सगळे लक्ष त्या मिलिमीटरभर जागेत असते. तुझ्या फोटोतले जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच एकाग्रतेतून येते, आणि मला भीती वाटते तीही तिचीच. कोपराजवळ काय सरपटते आहे ते तुला कळणार नाही.

म्हणून आडवे होण्याआधी काठीने गवत हलव, जमिनीवर दोनदा पाय आपट आणि थोडे थांब. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते; फुरसे दीड-दोन वितीचे, दगडाखाली असते आणि सहज दिसत नाही, तेव्हा टेकताना दगडाखाली बोटे घालू नकोस. मण्यार रात्री निघते आणि तिचा दंश झोपेत जाणवतही नाही, म्हणून कन्नडच्या त्या घरात जमिनीवर अंथरूण न घालता बाजेवर झोप आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. ते जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे याची आधीच चौकशी करून ठेव. घट्ट दोरी बांधणे, चीर देणे, झाडपाला, मांत्रिक यांपैकी काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. बापूंना साप चावला तेव्हा सगळी रात्र त्यातच गेली.

हे फारच शिकवणीसारखे झाले. तू तिशीला आलीस आणि रानात माझ्यापेक्षा जास्त हिंडली आहेस, तेव्हा राग मानू नकोस.

तुला तो निळा कागद आठवतो का? तू सातवीत होतीस. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे मिसळून आपण कागदाला लावली, कोठीच्या अंधारात तो वाळवला, त्यावर शेवग्याची डहाळी ठेवली, वरून काच दाबली आणि जुन्या घराच्या माळवदावर चैत्राच्या उन्हात ठेवला. नंतर पाण्यात धुतल्यावर कागद निळा झाला आणि डहाळी पांढरी उमटली. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नावाच्या इंग्रज बाईंनी १८४३ पासून समुद्रातल्या शेवाळांच्या छाया कॅमेऱ्याविना अशाच उतरवल्या होत्या, हे मी तुला तेव्हा सांगितले होते. आपल्या एका कागदावर काचेला न टेकलेल्या पानांच्या कडा धूसर आल्या होत्या. नीट उमटलेले कागद सोडून तू तोच आपल्या वहीत ठेवलास आणि म्हणालीस की ही पाने मागे उभी आहेत. केन्याच्या फोटोत ती तिसरी पाकळी तू मुद्दाम धूसर सोडली आहेस, ती पाहताना मला तो कागद आठवतो. तुझा डोळा कोणी तयार केला असे लोक विचारतात; माझ्या मते तो त्या माळवदावर होताच.

तू पाठवलेले इमोजेन कनिंगहॅम यांच्यावरचे लेखनही वाचले. १९२५ साली टिपलेले ते मॅग्नोलियाचे फूल मी वारंवार पाहिले. चौकट पाकळ्यांनीच भरलेली, आणि पांढऱ्यातही किती छटा! लहान मुलांमुळे घराबाहेर पडता येईना, तेव्हा त्या बाईंनी घरच्या बागेतली झाडे टिपली आणि त्यातून असे काम झाले. आता तुला वाटेल की मी हे का लिहितो. आपल्या अंगणात जास्वंद आहे, कण्हेर आहे, विहिरीच्या वाटेवर केना तर पायाखाली येतो, आणि बारा वाजता जेवायला हाक मारली तर तू ओसरीपर्यंत येशील. परंतु कळलावी अंगणात नाही, हेही मला कळते. तिच्या पाकळ्या मागे वळून वर उठतात, कडा नागमोडी होतात आणि रंग पिवळ्याकडून लालाकडे सरकत जातो. ते पाहायचे तर तुझ्या कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलातल्या झुडपांतच गेले पाहिजे. तिचा कंद विषारी असतो, हाताळलास तर हात धुऊन जेव.

तू अजिंठ्यालाही अशीच होतीस. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर उभे होते आणि तू छतावरची कमळे पाहण्यासाठी फरशीवर उताणी पडलीस, पहारेकऱ्याने उठवेपर्यंत. तुझी आई ओशाळली होती. मला मात्र तुझ्या शेजारी पडून पाहावेसे वाटले होते.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. केन्याला जमिनीखालीही फुले येतात. ती कधीच उमलत नाहीत, मिटल्या मिटल्याच त्यांत बी धरते. पाऊस थोडा उघडला की एक रोप मुळासकट काढून पाहा. काळ्या कापडावर ठेवून टिपलेस तर तुझ्या मालिकेत ते चांगले दिसेल, आणि हे काम ओसरीवर बसून करता येते.

तुझ्याबरोबर रानात येणाऱ्या गड्याचा फोन नंबर आईला कळव. तो नसेल त्या दिवशी एकटी जाऊ नकोस, ही एवढी विनंती. प्रदर्शनाचा दिवस ठरला की चार दिवस आधी सांग, म्हणजे जिजीसाठी एसटीत खिडकीजवळची जागा आरक्षित करता येईल; ती येणारच म्हणते. आणि नवरात्रात घटाच्या माळेसाठी तरवडाची फुले लागतील, येताना घेऊन ये.

तुझे
नाना