४५ दिवसांत पैसे द्या, हे कंपनीला सांगायचे कोणी?

महोदय,

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. विजेच्या पॅनलसाठी लागणारे पत्र्याचे बॉक्स आम्ही बनवतो. सासऱ्यांनी सुरू केलेले काम आता मी पाहते, कामगार सात. वसाहतीच्या गेटवरच्या टपरीवर चार गाळेवाले जमले की बोलणे कुठूनही सुरू होवो, शेवटी येते एकाच प्रश्नावर: ‘पेमेंट आलं का?’ मराठी पाटी, गुमास्ता (दुकाने-आस्थापना नोंदणी), व्यवसाय कर यांची धावपळ असते, पण ती निभते. गुमास्त्याचे तर २०१७ च्या कायद्यापासून सोपेच झाले. कामगार थोडे असतील तर नुसती माहिती कळवली की पुरते. थकलेले बिल मात्र माणसाला रात्री झोपू देत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीला आम्ही ४ लाख २० हजारांचा माल दिला. त्यावर १८ टक्क्यांनी ७५,६०० रुपये जीएसटी. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तो कर मी भरला, कारण पैसे हातात आले की नाही हे रिटर्न विचारत नाही. कंपनीकडून उत्तरे येत राहिली. साहेब टूरवर आहेत, बिल सिस्टीमला चढलेले नाही, मार्चनंतर बघू. चौथ्या महिन्यात नवीनच ऐकले: ‘मॅडम, रंगाची शेड चुकली आहे.’

तेव्हा मी वकिलांकडे गेले आणि २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) कायदा पहिल्यांदा नीट समजून घेतला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेच लागतात. खरेदीच्या ऑर्डरवर (पीओ) ‘९० दिवस’ छापले तरी ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची. नाहीतर माल स्वीकारला असेच धरले जाते. म्हणजे चौथ्या महिन्यातल्या त्या शेडला कायद्यात जागाच नव्हती.

वकिलांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: ‘माल पोचल्याचा पुरावा?’ मी चलन पुढे ठेवले. त्यावर वॉचमनची एक रेघोटी. ना शिक्का, ना तारीख. आमच्या टेम्पोवाल्याने हट्टाने कोपऱ्यात गेटचा इनवर्ड नंबर लिहून घेतला होता, त्यावरच आम्ही तरलो. तेव्हापासून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय आमचा टेम्पो गेटबाहेर पडत नाही. सगळ्या गाळेवाल्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी ‘उद्यम’ नोंदणी आजच करा, ती फुकट आहे आणि आधीपासून नसेल तर दाद मागताना अडचण येते.

दुकानदारांची स्थिती याहून अवघड. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. त्यांच्या हाती राहतो चेक. तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला १५ दिवस द्यायचे आणि त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. ‘दोन दिवस थांबा’ ऐकत बसलात तर या मुदती निघून जातात.

अकराव्या महिन्यात मी थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या ‘समाधान’ या सरकारी पोर्टलवर अर्ज केला. तीन आठवड्यांत मुद्दल जमा झाली. व्याज सोडायची अट होती, ती मी मान्य केली, कारण पगार थांबले होते. त्यानंतर त्या कंपनीची एकही ऑर्डर आली नाही. आमच्या कामाचा तिसरा हिस्सा तिथून येत होता. नऊ वर्षे आमच्याकडे असलेला वेल्डर त्याच वर्षी दुसरीकडे गेला. कायद्याने पैसे मिळवून दिले, हे मी मान्य करते. पण त्याची किंमत आम्ही मोजली, पैसे अडवणाऱ्याने नाही.

२०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आली आहे. वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. हेतू उत्तम आहे. पण लगेच एका दुसऱ्या पार्टीच्या अकाउंटंटचा मला फोन आला, ‘बिलावर उद्यम नंबर नाही टाकलात तर बरं होईल.’ असे फोन माझ्या एकटीला आले नसणार.

म्हणून माझी मागणी एकच आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थकवणाऱ्या कंपन्यांना २०१९ पासून दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, एमएसएमई-१ हा फॉर्म भरावा लागतो. त्यात पुरवठादाराचे नाव, थकलेली रक्कम आणि उशिराचे कारण असते. कंपनीने स्वतःच लिहून दिलेली ही कबुली सरकारकडे असताना, तक्रार करायला गाळ्यातल्या माणसानेच पुढे का यावे? याच फॉर्मवरून सुविधा परिषदेने, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाने, आपणहून नोटीस काढावी. मग कोणी तक्रार केली हा प्रश्नच उरणार नाही आणि राग धरून ऑर्डर बंद करायला कोणी एक सापडणार नाही. आज परिषदेकडे वादातल्या पक्षालाच जावे लागते, म्हणून यासाठी केंद्राला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. मुंबईच्या खासदारांनी हा विषय संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावा, ही आमच्या वसाहतीतल्या गाळेवाल्यांच्या वतीने विनंती.

— एक लघुउद्योजिका, भांडुप (पश्चिम), मुंबई