जुने थिन क्लायंट भंगारात घालू नका, वाचनालयांना द्या, आणि अ‍ॅडाप्टरसकट द्या

मा. संपादक, स.न.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातपासून बसतात, त्यांना फॉर्म भरायला, जुने पेपर बघायला, टायपिंगच्या सरावाला कॉम्प्युटर लागतो आणि वाचनालयात होता एकच. नवीन घ्यायला पैसे नाहीत, म्हणून मागच्या वर्षी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच जुने थिन क्लायंट आणले, डेलचे वाइज ३०४०. तळहातावर मावेल एवढा डबा, आत ना फॅन ना हार्ड डिस्क, रॅम २ जीबी. कमिटीतले म्हणाले हा तर सेट टॉप बॉक्स आणलाय! पण अशा डब्याचं काम फक्त स्क्रीन दाखवायचं, बाकी सगळं सर्व्हरवर, म्हणजे एका मुख्य कॉम्प्युटरवर चालतं, बँका आणि कॉल सेंटरमध्ये वर्षानुवर्षं हेच वापरतात.

आमच्या त्या एकुलत्या आय५ डेस्कटॉपची रॅम ३२ जीबी केली, एसएसडी बसवली, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून त्यालाच सर्व्हर केलं आणि डब्यांत छोटं लिनक्स टाकून असं सेट केलं की बटण दाबलं की थेट सर्व्हरचं लॉगिन येतं. आता पोरगी कुठल्याही टेबलावर बसू दे, तिची फाईल तिला तिथेच सापडते, आणि अपडेट करायचं तर एकाच मशीनवर. डबा जेमतेम पाचेक वॅट खातो, त्यामुळे लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर काम चालू राहतं, आमच्याकडे हे फार मोठं आहे. व्हिडिओ मात्र अडकत चालतो, लेक्चर पोरं मोबाईलवरच बघतात, ते आधीच सांगितलेलं बरं.

खरा त्रास झाला तो वेगळाच. डबे आले पण अ‍ॅडाप्टर नाहीत, आणि याच मॉडेलमध्ये काही ५ व्होल्टचे असतात काही १२ व्होल्टचे, दिसायला सारखेच, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं, भिंग घेऊन वाचलं तेव्हा कळलं. वर आधीच्या ऑफिसचा बायोस पासवर्ड, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचं कुलूप, तसाच, तो निघेपर्यंत लिनक्स टाकायला डबा पेनड्राइव्हवरून सुरूच होईना, एका डब्यापायी दोन रविवार गेले.

म्हणून ऑफिसांच्या आयटीवाल्यांना कळकळीची विनंती, नवीन मशिनं आली की जुनी किलोवर विकू नका. डेटाची भीती असेल तर तुमच्या फाईली मुळात सर्व्हरवरच असतात, डबा फॅक्टरी रिसेट करा, बायोसचा पासवर्ड काढा, अ‍ॅडाप्टर रबर लावून त्याच डब्याला बांधा आणि जवळच्या शाळेला नाहीतर वाचनालयाला द्या, पाच मिनिटांचं काम आहे हो. आणि शाळांनीही, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून लॅबमधले पीसी लगेच काढून टाकू नयेत, ज्यावर ११ चढत नाही तोही असाच सर्व्हरला जोडून टर्मिनल म्हणून मस्त चालतो.

आमच्याकडे अजून चार टेबलं रिकामी आहेत.

– वाचनालयाचा एक कार्यकर्ता, जि. सातारा