धाकल्याची तिथी

बोलोन्या, इटली
11 एप्रिल 2025

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. गेल्या महिन्यात मी "सुट्टी काढली" म्हटलं, त्याचं तू "नोकरी सोडली" केलंस, आणि इथं माझी मीटिंग चालू असताना दादाचा फोन. म्हणून पत्र. दादाकडून सलग वाचून घे, मध्येच चुलीवरच्या दुधाकडं बघायला उठू नकोस. पाकिटात घडी केलेला एक पातळ कागद आहे. तो इतक्यात उघडू नका.

मी निघाले तेव्हा सगळ्यांनी काही ना काही दिलं. आईनं मेतकूट, काकूनं शेंगदाण्याची चटणी, तू थोरल्या आयची गोधडी. आणि तुळशीपाशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणालीस, "इटलीलाच चाललीयास तर तेवढं बघ. धाकल्याला जाळलं का पुरलं."

आपल्या घरात एवढाच प्रश्न शिल्लक होता. तो का गेला, कुणासाठी लढला, हे कुणी विचारलं नाही. आबांनी आयुष्यभर धाकट्या भावाचं नाव घेतलं नाही. मी लहानपणी एकदा विचारलं तर "हुतं एक पोरगं" म्हणून ते गोठ्याकडं निघून गेले. नंतर मला वाटायचं, आपल्या तालुक्यात त्याच्याबद्दल बोलणार तरी कसं? 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला आणि इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. साताऱ्यात गावोगाव प्रतिसरकार उभं राहत होतं. आणि आपला धाकला त्याच इंग्रजांच्या पलटणीत बेळगावला कवायत शिकत होता. हुतात्म्यांचा स्तंभ झाला, दर वर्षी हार पडतात. धाकल्याचं काय करायचं हे कुणालाच कळलं नाही. मला स्वतःला यात त्याची चूक दिसत नाही. पाऊस नाही, तीन भावांत चार एकर माळ, आणि भरतीत महिन्याला रोख पगार. तू म्हणतेस त्याच्या एकुलत्या एका पत्रात काय होतं, "हितं बर्फ पडतोय, जोंधळा कुटं दिसत न्हाई." अठरा-एकोणीस वर्षांचं पोर आणखी काय लिहिणार.

तारेची गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. तार आली तेव्हा थोरली आय शेणकूट लावत होती. गावात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं, म्हणून आबा तार घेऊन शेजारच्या गावच्या मास्तरांकडं पळत गेले. मास्तर सोबत आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आई, तुमचा मुलगा कामी आला." तिला तो शब्दच कळला नाही. तिनं विचारलं, "कुणाच्या कामी आला?" मास्तर उत्तर न देता उठले म्हणे.

तार पुढे वाळवीनं खाल्ली. भटजींनी पालाशविधी सांगितला, पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तर ती दारात आडवी बसली. "आदी मला सांगा त्याला तितं अग्नी मिळाला का. मिळाला आसंल तर दोनदा जाळू नगा." त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. तिथी माहीत नाही म्हणून आजतागायत आपण सर्वपित्रीलाच त्याच्या नावानं एक घास काढत आलो, सगळ्यांच्या घोळक्यात.

आता मी काय केलं ते सांगते.

सुरुवात गोधडीपासून झाली. माझ्यासोबत राहणाऱ्या इटालियन मुलीनं विचारलं, "तुझ्या चादरीवर आमचा झेंडा कसा?" मी बघतच राहिले. पायथ्याच्या कोपऱ्यात, लुगड्याच्या दोन ठिगळांमध्ये, वीतभर फीत शिवली आहे. तांबडी, पांढरी, हिरवी, परत पांढरी, परत तांबडी. विटली आहे, पण रंग कळतात. मी लहानपणापासून तिच्यावर पाय ठेवून झोपत आले. शोधलं तर ती इटली स्टारची फीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात इथं लढलेल्यांना मिळालेलं पितळी रंगाचं सहा टोकांचं पदक. तारा आबांच्या ट्रंकेत आहे तोच. थोरल्या आयनं तारा ट्रंकेत ठेवला आणि फीत गोधडीला लावली. चांगलं कापड वाया कसं घालवायचं, एवढाच विचार तिनं केला असेल.

मग मी नाव शोधायला लागले. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत सगळे आहेत, पण आपल्या आडनावाचे, आपल्या नावाचे किती! रेजिमेंटचं नाव जुन्या धाटणीनं "माहराट्टा" होईल असं लिहिलेलं. मी आधी कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकाची यादी काढली आणि पोटात गोळा आला. कॅसिनोच्या भिंतीवर नावं आहेत ती ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांची, चार हजारांवर. माणगावकडचे यशवंत घाडगे तिथंच आहेत. 10 जुलै 1944 ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची अख्खी तुकडी मशीनगनपुढं पडली, ते एकटे उरले. एकट्यानं मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, वय बावीस. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावी गेले होते, तिथं 2023 मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. चांगलं आहे. पण मी तिथं उभी राहून एकच विचार करत होते, एवढ्या मोठ्या वीराचा देह सापडला नाही, तर आपल्या साध्या शिपायाचा कुठून सापडणार.

पण कॅसिनोच्या यादीत आपला धाकला नव्हता. दोन महिने सापडलाच नाही. कारण भरतीच्या वेळी कुणा कारकुनानं आपल्या गावाचं नाव ऐकून असं काही लिहून ठेवलं होतं, की मोठ्यानं वाचलं तरच ओळखू येतं. एका रात्री मी ते मोठ्यानं वाचलं. जिल्हा सातारा. वय 19. आणि आत्या, त्यापुढं "याचा मुलगा, हिचा मुलगा" असं दोघांचं नाव. थोरल्या आयचं नाव! आपल्या सातबाऱ्यावर ते कधी चढलं नाही. इंग्रजी स्पेलिंग चुकलंय, पण आहे.

त्याचं नाव असलेलं स्मारक फोर्लीला. माझ्यापासून रेल्वेनं तासाभराच्या आत, रिमिनीच्या वाटेवर. दीड वर्ष मी त्या स्टेशनावरून समुद्रावर जाते-येते.

परवा, 9 तारखेला, सुट्टी टाकून गेले. खास भारतीय सैनिकांसाठी राखलेली ती दफनभूमी आहे. कापलेलं गवत, ओळीनं पांढरे दगड. दगड दिसले तसे माझे पाय जड झाले, कारण दगड म्हणजे पुरलेले. वाचत वाचत गेले तर ती बहुतेक मुसलमान नावं, पंजाब-सरहद्दीकडची. आणि मग एका बाजूला स्मारक. त्यावर साडेसातशेहून जास्त नावं आहेत, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला त्यांची. मराठे, शीख, गुरखे, डोगरे, सगळे. आपल्या पलटणीखाली वाचत गेले. शिंदे, पवार, मोरे, कदम, साळुंखे. आपल्या एसटीच्या गाडीत हाक मारली तर निम्मी गाडी मागं बघेल अशी नावं. आणि त्यात आपलं.

आत्या, त्याला अग्नी मिळाला.

मी काय केलं तर आधी नुसती बसले. मग बोटानं अक्षरं चाचपली. पहिल्या अक्षराच्या खाचेत हिरवट शेवाळ होतं आणि एक मुंगी त्यातून वर चढून दुसऱ्या अक्षरात उतरली. मी हळद-कुंकू नेलं नव्हतं, दगडाला डाग पडेल म्हणून भीती वाटली. थोडे तीळ नेले होते, ते बाटलीतल्या पाण्यासोबत खाली गवतात सोडले. बाईनं करावं का, हे गुरुजींना विचारलं नाही. तूही विचारू नकोस. दाराशी कपाटात एक वही असते, भेटीला आलेल्यांनी सही करायची. त्यात देवनागरीत लिहिलं, "घरून आलो आहोत." मी एकटीच होते, पण "आलो" असंच लिहिलं.

दुपारी तशीच लुगो गावाकडं गेले आणि तिथून सेनिओ नदीवर. नदी म्हणजे आपली येरळा, पावसाळ्याच्या शेवटी असते तेवढी. पण दोन्ही अंगाला मातीचे बांध, पाटाच्या भरावासारखे, आपल्या माडीच्या घराहून उंच. नदी दिसतच नाही, आधी बांध चढायचा. 1944 चा डिसेंबर संपता संपता लढाई या नदीवर येऊन थांबली ती एप्रिलपर्यंत. जर्मनांनी बांधाच्या पोटात बिळं खणून मोर्चे केले होते. या शेतांतली माणसं चार महिने तळघरात राहिली. 9 एप्रिल 1945 ला दुपारभर विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा, आणि संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनची माणसं बांधावर चढली. त्यात आपल्या मराठ्यांची पहिली पलटण, जंगी पलटण. त्याच बांधावर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून घेऊन आले. मग परत जाऊन तीन मशीनगन बंद केल्या आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना हात केला. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते जगले, 1984 साली पुण्यात वारले. इटलीत वीस जणांना तो मिळाला, त्यात सहा आपले. लढायला आलेले सुमारे पन्नास हजार, परत न गेलेले 5,782.

धाकला त्याच पलटणीचा, त्याच तारखेचा. तुमच्याकडं परत आलेल्या त्या शिपायानं "नदीच्या बांधावर पडला" एवढंच सांगितलं होतं ना, ते खरं होतं. इटलीतली लढाई 2 मे ला थांबली. तेवीस दिवस.

मी बांधावर उभी असताना एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून चढून आले. गळ्यात माझं ओळखपत्र राहिलं होतं, ते बघून त्यांना वाटलं मी बांध तपासायला आलेली सरकारी इंजिनिअर आहे. 2023 च्या मे महिन्यात हीच सेनिओ फुटली आणि लुगोत पाणी शिरलं, त्याचा सगळा राग त्यांनी माझ्यावर काढला. मी मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, आजोबांचा भाऊ इथं गेला, ऐंशी वर्षांपूर्वी, आजच. ते गप्प झाले. मग खालच्या द्राक्षमळ्याकडं हात करून म्हणाले, ते घर तेव्हा आमचं होतं. त्यांचा जन्म युद्धानंतरचा. आई सांगायची, डोक्याला फडकी गुंडाळलेली सावळी पोरं तळघराच्या दारात आली तेव्हा ती आधी किंचाळली, मग त्यांनी तिच्याकडं पाणी मागितलं. पाणी दिलं का, मी विचारलं. "दिलं असणार," ते म्हणाले, "माझी आई होती ती." मला आपल्या थोरल्या आयचा प्रश्न आठवला. त्यांना काही बोलले नाही. त्यांनी पिशवीतून पियादिना काढून अर्धी मोडून दिली. जाड पोळीच, लाटून तव्यावर भाजलेली. बांधावर बसून खाल्ली. खाली गहू पोटरीला आला होता, जोंधळा खरंच कुठं दिसत नाही.

आता तो कागद उघड. दगडावर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घासली की अक्षरं उठतात, तशी उठवून आणली आहेत. काळ्यात पांढरं दिसतंय ते त्याचं नाव. शेवटच्या अक्षराशी भोक पडलंय, तिथं माझा हात घसरला. दादा, फोटोच्या काचेत घालायचा असेल तर आधी झेरॉक्स काढून ठेव, शिसं पुसतं.

आणि आत्या, एक काम. 9 एप्रिल 1945, सोमवार, संध्याकाळ. गुरुजींना जुनं पंचांग बघून तिथी काढायला सांग. त्यांच्याकडं नसेल तर साताऱ्यात कुणाकडं तरी असेल, दादा जाईल. यंदाच्या पितृपक्षात त्याचं पान सर्वपित्रीला नको, त्याच्या तिथीला वेगळं वाढ. भाकरी जोंधळ्याची कर.

आईला सांग, मेतकूट संपलं.

तुझी,
भाची