फोनमागचे हॉर्न

प्रिय आई-बाबा,

आई, तू परवा पुन्हा विचारलंस, "तुझ्या फोनमागे कायम एवढे हॉर्न कसले वाजत असतात? घरी पोचल्यावर निवांत करत जा ना." मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि फोनवर सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला तू "जेवलीस का?" विचारतेस. मग विषय भलतीकडेच जातो. म्हणून लिहायला बसले.

आधी एक कबुली. मागच्या सणाला घरी आले तेव्हा मी वाईट वागले. तू दुसऱ्यांदा वाढायला आलीस आणि मी ताटावर हात आडवा धरला, इथपर्यंत ठीक होतं. पण मग मी फोन काढून त्या पदार्थातल्या कॅलरी तुला मोठ्यानं वाचून दाखवल्या. तू काही बोलली नाहीस, पातेलं घेऊन आत गेलीस. बाबांच्या हातातला दुसरा तुकडा तर मी "तुमची साखर!" असं म्हणत पाहुण्यांदेखत खाली ठेवायला लावला. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले, तर ओट्यावर सगळं झाकून ठेवलेलं. सकाळी पाचपासून उभं राहून तू केलेलं. मी दिवा न लावता, चमचाही न घेता, त्यातलं निम्मं तिथंच उभ्यानं संपवलं. सकाळी तुला वाटलं बाबांनी खाल्लं, आणि बाबा बिचारे गप्प राहिले. बाबा, ती मी होते.

त्या वेळी वर्षभराची फी भरलेल्या जिममध्ये मी एकूण अकरा वेळा गेले होते. तुम्हाला मात्र "हो, जाते ना" असं सांगत होते. ज्याचा स्वतःचा हिशेब लागत नाही तो दुसऱ्याच्या वह्या तपासतो, तसं माझं झालं होतं.

वहीवरून आठवलं. बाबा, तुमची ती वजनाची वही मी पाहिली. सण सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचा आकडा, आणि दोन दिवसांनंतर दीड किलो जास्त. पुढे लाल पेनानं दोन रेघा. आणि त्या रात्री तुम्ही "भूक नाही" म्हणून जेवला नाहीत. तुम्हाला आकडेमोड आवडते म्हणून सांगते. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. रोजचं जेवण सोडून, वर एवढं, तेही दोन दिवसांत! आईनं कितीही आग्रह केला तरी हे जमण्यातलं नाही. मग वजन वाढलं कशानं? बरंचसं पाण्यानं. पिष्ट आणि गोड जास्त खाल्लं की शरीर त्यातलं काही यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि तशा एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. शिवाय सणाच्या जेवणात मीठ जास्त, तेही पाणी अडवतं. आणि पोटात असलेल्या अन्नालाही वजन असतंच की. नेहमीचं जेवण सुरू झालं की चारसहा दिवसांत यातलं बहुतेक उतरतं. तुमच्याच वहीत पुढच्या आठवड्याचा आकडा बघा. त्याच्यापुढे तुम्ही रेघ मारलेली नाही.

अर्थात सगळंच पाणी नसतं. अमेरिकेत 195 लोकांची सणासुदीच्या आधी आणि नंतर नीट वजनं घेतली होती. तो अभ्यास 2000 साली छापून आला. सहा आठवड्यांच्या त्या काळात सरासरी वाढ निघाली जेमतेम 370 ग्रॅम. लोकांना स्वतःला वाटत होतं ती याच्या कितीतरी पट. हे वाचून मला एवढं हायसं वाटलं की मी पुढचं वाचायचंच सोडणार होते. पुढं लिहिलं होतं की ते 370 ग्रॅम नंतरच्या महिन्यांत उतरले नाहीत. राहिले. दर वर्षी एवढेच राहिले तर दहा वर्षांत साडेतीन किलोंच्या वर जातात. माझे कॉलेज सुटल्यापासूनचे फोटो काढून बघा, कुठल्याही एका वर्षात मी जाड झालेली दिसणार नाही.

तर मी ठरवलं, चालायचं आणि फेडून टाकायचं. खाल्लं तेवढं जाळायचं. इथंच माझं गणित सपशेल चुकलं. माझ्या वजनाच्या बाईनं अर्धा तास झपझप चालावं तर खर्च होतात साधारण सव्वाशे कॅलरी. एक मोठा चमचा तेलात तेवढ्याच असतात. म्हणजे आई, तू झाऱ्यानं नीट निथळून काढलंस तरी तळणात जे राहतं, त्यासाठी मला अर्धा तास. आणि दोन वेळा वाढून घेतलं तर? मी रात्री नऊला ऑफिसातून निघते. कधी फेडायचं हे? अशा कर्जात माणूस एक तर खाताना झुरतो किंवा चालणंच सोडतो. मी दोन्ही केलं.

मग लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट हाती लागली. बाबा, ही तुम्हाला आवडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ते तेच, दोघांची आर्थिक परिस्थितीही जवळपास सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं काढत सारखा जिना वर-खाली करणारा. 1953 साली त्यानं दाखवून दिलं की हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. लोकांनी शंका काढल्या, काढायलाच हव्यात. कदाचित अंगानं सुटलेली माणसं मुळातच ड्रायव्हर होत असतील. म्हणून त्यानं पुढे त्यांच्या गणवेशांच्या कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या विजारी रुंद निघाल्या खऱ्या, पण नुसत्या जाडीनं आजारातला सगळा फरक समजावता येईना. सडपातळ ड्रायव्हरही कंडक्टरपेक्षा धोक्यातच होता. विजारीच्या मापांवरून हृदयाचा अंदाज घेणारा माणूस मला फार आवडला.

आणि मग मी माझा एक दिवस मोजला. घरातून लिफ्टनं खाली, बसमध्ये जागा मिळाली तर बसून, ऑफिसात लिफ्टनं सातव्या मजल्यावर, नऊ-दहा तास खुर्ची, जेवणही स्क्रीनसमोर, परत बस, परत लिफ्ट, सोफा. मी पक्की ड्रायव्हर. सणाचे चार दिवस मी काय खाल्लं यावर भांडत बसले होते, आणि उरलेल्या 361 दिवसांबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तेव्हापासून ऑफिसातून निघाल्यावर मी तीन थांबे आधी उतरते आणि उरलेलं चालते. पंचवीस मिनिटं. त्याच वेळी तुम्हाला फोन करते. हे ते हॉर्न, आई. घरी येऊन फोन केला असता तर मी सोफ्यावर आडवी पडून बोलले असते, आणि चालायला नंतर कोण जातंय! आता तुझ्याशी बोलायचं म्हणून चालणं होतं, का चालायचं म्हणून बोलणं होतं, हे मलाही सांगता येणार नाही. मध्ये एकदा तू तुमच्या शेजारणीच्या सुनेची गोष्ट रंगवून सांगत होतीस तेव्हा मी घर सोडून दोन चौक पुढं गेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला किमान 150 मिनिटं, दम किंचित लागेल असं चालणं वगैरे. पूर्वी ते म्हणायचे की सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवं, तरच धरायचं. 2020 मध्ये ती अट काढून टाकली. आता जिन्याचे दोन मजलेसुद्धा जमेत धरतात. आमच्यासारख्यांवर हे उपकारच आहेत. मी सातपैकी तीन मजले चढते, मग लिफ्ट घेते. सातही चढायचा प्रयत्न केला होता, पण त्या दिवशी मीटिंगमध्ये पहिली पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. दर आठवड्याला 150 होतात असं नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साठ-सत्तरवर गाडं अडतं. पूर्वी असं झालं की मी सगळंच सोडून द्यायचे. आता पुढच्या सोमवारी पुन्हा तीन थांबे आधी उतरते, एवढंच.

तुमच्या वयाला ते आणखी एक सांगतात. चालण्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम हवा. आई, "मी दिवसभर उभीच असते की" हे तुझं उत्तर मला पाठ आहे. उभं राहून पाय दुखतात, मांड्यांना जोर येत नाही. तुला सोफ्यावरून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो हे मी या वेळी पाहिलं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, आणि हात न लावता उठायचं-बसायचं. पाच वेळा जमलं तरी पुष्कळ. गुडघा कुरकुरला तर थांब आणि तुझ्या डॉक्टरांना विचार, माझ्यासाठी जिद्दीला पेटू नकोस.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं. जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर बसायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गेटपर्यंत फेऱ्या मारा. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्शुलिनची तेवढी वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर साखर जी उंच चढते ती त्यामुळे जरा कमी चढते. याचा अर्थ गोळ्या कमी करायच्या असा नाही, तो तुमचा नेहमीचा शॉर्टकट मला माहीत आहे. पण सणाच्या दिवशी दुसरा तुकडा खाऊन फेऱ्या मारलेल्या मला चालतील. पाहुण्यांदेखत मी काही बोलणार नाही. वचन.

आता येत्या सुट्टीचं. मी चार दिवस येतेय. आई, तू नेहमी करतेस ते सगळं कर, मी गेल्या वर्षीसारखं तोंड करणार नाही. फक्त एक मागणं आहे आणि ते ऐकून तू चिडणार आहेस. निघताना माझ्या बॅगेत चार डबे भरू नकोस. मी बरंच निरखून पाहिलंय, माझा घोळ तुझ्या टेबलावर होत नाही. तिथं आपण गप्पा मारत, हळूहळू, गरम खातो. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला वेळ लागतो, आणि तुझ्याकडे तेवढा वेळ मिळतो. घोळ होतो नंतरचे तीन आठवडे. डबे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात, दुपारी चारला साहेबांचा मेल येतो, एक हात कीबोर्डवर आणि एक डब्यात. मेल संपतो तेव्हा डबाही संपलेला असतो, आणि तुझ्या हातची चव कशी होती ते मला सांगता येत नाही. एवढं राबून केलेलं असं खाल्लं जातं याचं मला जास्त वाईट वाटतं. एकच डबा दे, छोटा. तो मी रविवारी, ताटलीत काढून, फोन बाजूला ठेवून खाईन.

आणि मला स्वयंपाकघरात घे. "तू बस, दमून आलीस" असं म्हणू नकोस. वर्षभर बसलेलीच असते मी. मळायचं, लाटायचं, कुटायचं काम माझ्याकडे दे, तळायला तू उभी राहा, कारण मी जाळते. दुपारची भांडी बाबा आणि मी.

बाबा, रात्री मी ऑफिसातून निघेन तेव्हा रोजच्यासारखा फोन येईल. तो वाजला की आधी चपला घाला, मग उचला. मी इकडं चालते, तुम्ही तिकडं चाला, आणि वाचलेल्या बातम्यांवर हवं तितकं भांडू. आईला स्पीकरवर घ्या म्हणजे तिला खुर्चीतून उठता-बसता ऐकता येईल. ती मोजताना चुकते, तेवढं लक्ष ठेवा.

तुमची,
थोरली

ता. क. मागच्या वेळचे तीन डबे परत आणतेय. चौथ्याचं झाकण ऑफिसात कुठंतरी गेलं. आई, ते तुझं निळं झाकण होतं हे मला माहीत आहे. शोधतेय.