उद्यमनगरच्या मामांना, काकवीसकट

मामा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. 'माझं कशाला, गाडीचं लिही की' असंच म्हणाला असतात. तर गाडीचं लिहितो. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा गिअर, बाबांच्या मागे माझ्याकडे आलेली. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तुमच्या शेडपुढे ती उभी केली, तेव्हा ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगणारा लाल दिवा दर सिग्नलला फडफडत होता आणि मी मनातल्या मनात इंजिनकामाच्या खर्चाची बेरीज करत होतो.

बॉनेट उघडायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "ऑइल कुठलं घातलंयस?"

मी तोऱ्यात सांगितलं: फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०, दुकानातलं सगळ्यात महाग. दुकानदार नको म्हणत होता, हट्ट माझाच. बाबांच्या गाडीला हलक्या प्रतीचं कशाला घालायचं, एवढंच डोक्यात. तुम्ही हसला नाहीत. मागे पाना धरून उभा असलेला पोरगा मात्र खुदकन हसला.

"गुऱ्हाळावर गेलायस न्हवं? काहिलीतली गरम काकवी कशी, पाण्यागत. तीच थंडीत सकाळी बाटलीतनं पडत न्हाई. ऑइल बी तसंच."

इतकी वर्षं मला वाटायचं की डब्ल्यू म्हणजे वेट, आणि २०डब्ल्यू-४० म्हणजे थंडपणी वीस असलेलं ऑइल तापल्यावर घट्ट होऊन चाळीस होतं. उलटंच निघालं. तापलं की ऑइल पातळच होतं, कुठलंही असो. हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल. डब्ल्यू हा विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑइल किती वाहतं ते सांगतो, आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती दाटपणा उरतो ते. घरी येऊन मी वाचलं, तर १०० अंशांना ३० च्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावा लागतो, ४० चा १२.५ ते १६.३ च्या मध्ये. आणि २०डब्ल्यूवाल्या ऑइलवर इंजिन फिरेल का, याची चाचणी उणे १५ अंशांना घेतात. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "उणे पंधरा झालं तर रंकाळ्यावरनं चालत जायाचं, गाडी कशाला काढतोस?" म्हणजे आपल्याकडे ५डब्ल्यूचे जादा पैसे मी कोणत्या थंडीसाठी मोजले, देव जाणे.

पण खरे आभार त्या पुढच्या तासाभराचे. दिवा फडफडतोय म्हटल्यावर थेट इंजिन उतरवायला सांगणारेही असतात, आणि मी तर 'हो' म्हणायच्या तयारीनेच आलो होतो. तुम्ही दिव्याचा स्विच काढून तिथे प्रेशर गेज बसवलंत. गाडी चांगली तापू दिलीत. आयडलला, म्हणजे इंजिन चालू पण ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, काटा तळाशी लोळत होता, ॲक्सिलरेटर दाबला की उठत होता. मग तुम्ही समजावलंत: पंप नुसतं ऑइल ढकलतो, दाब तयार होतो ते ऑइल बेअरिंगच्या फटीत अडतं म्हणून. चाळीस वर्षांत फट थोडी वाढलेली, त्यातून पातळ ऑइल, त्यात पंप सावकाश फिरतोय. ऑइल अडणार कशाला? निसटून जातं.

त्याच दिवशी ऑइल काढलंत, २०डब्ल्यू-४० भरलंत, फिल्टर बदललात आणि गाडी पुन्हा तेवढीच तापवून पुन्हा गेज बघितलंत. काटा आयडललाही वर थांबला. दोन्ही वेळा इंजिन तापलेलं हवं, नाहीतर तुलना खोटी, हे तुम्ही त्या पोराला सांगत होतात. ऐकत मी होतो.

लगेच माझी दुसरी शहाणपणाची उडी: मग २०डब्ल्यू-५० च घालूया, आणखी दाट! तुम्ही डबा हातातून काढून घेतलात. बेअरिंगं तेवढी गेलेली नाहीत. उगाच दाट ऑइल घातलं तर सकाळी चालू केल्यावर वरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत पोचायला वेळ लागणार, आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड. जे गेजने दाखवलं नाही, त्याच्यावर औषध द्यायचं नाही, असा तुमचा खाक्या.

डब्यावरची दुसरी ओळ वाचायलाही तुम्हीच लावलंत. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, दर्जा ठरवणारी संस्था. त्या एपीआयनंतरच्या जोडीत एस आला की पेट्रोल, सी आला की डिझेल; पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. त्यातली एक गोष्ट मी नंतर शोधली, तुम्हाला आवडेल. नव्या दर्जांच्या ३० आणि त्याहून पातळ ऑइलांत फॉस्फरसवर मर्यादा घातली आहे, नाहीतर सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. पण झीज रोखणारं रसायन जस्त आणि फॉस्फरसचंच असतं, आणि पद्मिनीसारख्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला लावणारा कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो, त्याला ते लागतं. कन्व्हर्टर तर आपल्या गाडीला नाहीच! म्हणजे माझ्या महागड्या डब्यात तिच्या कामाची गोष्ट कमी होती, बिनकामाची जास्त. दोष ऑइलचा नव्हे. उरलेला डबा ताईच्या नव्या गाडीत गेला. तिच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० च लिहिलंय, आणि ती खूश आहे.

बिलात तुम्ही ऑइल, फिल्टर आणि मजुरी लावलीत. गेज लावल्याचं काहीच नाही. मी विचारलं तर म्हणालात, "ते बघायचं असतंय, त्याचं काय घ्यायचं?"

बॉनेटच्या आतल्या बाजूला तुम्ही पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, ते अजून तसेच आहेत. पुढचं ऑइल दिवाळीनंतर. गुऱ्हाळं तोवर सुरू झालेली असतील, तेव्हा येताना काकवीची बाटली आणतो. डबा तुम्ही उघडा. लेबल या वेळी मी वाचून दाखवतो.

तुमचा,
पांढऱ्या पद्मिनीवाला