लंडन–पॅरिस : सव्वा तासाचे विमान, साडेपाच तासांचा प्रवास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्ट्यांच्या तोंडावर युरोप सहलींची पत्रके नागपुरात घरोघरी येऊ लागली आहेत. ‘लंडन–पॅरिस, विमानाने अवघा तास’ ही ओळ त्यांत हमखास असते. आकडा खोटा नाही, पण त्यावर विसंबून त्याच दुपारची आयफेल टॉवरची ठरावीक वेळेची तिकिटे काढली, तर ती वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३५० किमी, म्हणजे नागपूर–मुंबई हवाई अंतराच्या जेमतेम निम्मे. विमान हवेत असते पाऊण-एक तास. तरी वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडे जास्तच लिहितात, कारण ती वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. रांगेत दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. शिवाय एवढ्याशा अंतरात विमान वर चढते न चढते तोच उतरायला लागते. ताशी ८०० किमीने भागून काढलेले उत्तर इथे चुकतेच.

खरा वेळ मात्र जमिनीवर जातो. मध्य लंडनहून हीथ्रोला पाऊण तास, तिथे दोन तास आधी हजेरी, सव्वा तासाचे उड्डाण, पॅरिसला पासपोर्ट तपासणी व सामानासाठी पाऊण तास, आणि आरईआर बी लोकलने शहरात यायला आणखी पाऊण तास. याउलट युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून सव्वादोन तासांत थेट पॅरिस शहरातल्या गार द्यू नोर स्थानकाला पोचवते. फ्रान्सच्या प्रवेशाची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते, म्हणून तासभर तरी आधी पोचावे. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश बंद होतो. स्थानकापर्यंत जाण्याचा वेळ धरून सारे मिळून चार तास, सव्वाचार फार तर.

पॅरिस–रोम, सुमारे ११०० किमी, तिथे विमानच बरे. फक्त स्वस्त तिकिटावर विमानतळाचे नाव वाचावे. बोव्हे ‘पॅरिस’ म्हणून विकले जाते, पण आहे ८० किमी दूर. नागपूरचे तिकीट काढून वर्ध्याला उतरवावे तसे.

तिकिटावर वेळ स्थानिक असते. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. लंडनहून दहाला सुटलेले विमान १२.२० ला पोचलेले दिसते आणि परतीचे दहाचे १०.२० ला! पुढची गाडी पकडायची असेल तर हा तास आधी मोजावा.

शेवटी व्हिसा. ब्रिटनचा वेगळा, शेंगेनचा (फ्रान्स, स्वित्झर्लंडसह बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) वेगळा. पॅरिस–लंडन–झुरिक अशी आखणी असेल, तर लंडनला जाताच शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. सहलीचा क्रम असा असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा, नाहीतर लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर